मेसेजिंग ॲप आणि आपला मोबाइल नंबर : नोंदणीच्या आधी आणि नंतर काय सांभाळावे

कोणतेही लोकप्रिय मेसेजिंग ॲप उघडले की पहिली मागणी येते ती मोबाइल नंबरची. नाव खरे लिहिले नाही तरी चालते, छायाचित्र लावले नाही तरी चालते; पण नंबर दिल्याशिवाय आणि त्यावर आलेला ओटीपी भरल्याशिवाय पुढचे पानच उघडत नाही. ही मागणी इतकी अंगवळणी पडली आहे की आपण नेमके काय देत आहोत, याचा विचार सहसा होत नाही. माणूस घर बदलतो, नोकरी बदलतो, ईमेलचे पत्तेही बदलतो, पण मोबाइल नंबर मात्र अनेकांचा दहा-पंधरा वर्षे तोच असतो. बँक, दवाखाना, मुलांची शाळा, ऑनलाइन खरेदी, जुने-नवे सहकारी या सगळ्यांकडे तोच एक नंबर असल्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आपली माहिती एकत्र जोडून पाहणे कोणालाही सोपे जाते.

इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. व्हॉट्सॲप आणि सिग्नल या दोन्ही ॲपमधील संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मजकूर फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच वाचता येतो. हे संरक्षण खरे आहे आणि मोलाचेही आहे. परंतु ते मजकुराचे संरक्षण आहे, ओळखीचे नाही. आपण काय लिहिले हे कोणालाही कळले नाही तरी लिहिणारे आपणच आहोत, हे नंबरवरून कळतेच. आणि ज्या माणसाला छळणाऱ्या परिचितापासून लांब राहायचे आहे किंवा ज्या पत्रकाराला आपला स्रोत जपायचा आहे, त्याच्या दृष्टीने कित्येकदा मजकुरापेक्षा ही ओळखच अधिक नाजूक असते.

नंबर मागण्यामागची कारणे

ॲप तयार करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण त्यावरून कोणती माहिती रोखता येईल आणि कोणती येणार नाही, हे ठरते. पहिले कारण सोयीचे आहे. व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की फोनमधल्या संपर्कयादीतील नंबर तपासायचे आणि त्यांपैकी जे आधीपासून ॲपवर आहेत त्यांना लगेच समोर आणायचे. वेगळे यूजरनेम लक्षात ठेवण्याची, मित्रांना शोधत बसण्याची गरजच उरत नाही. दुसरे कारण खोट्या खात्यांना आळा घालण्याचे आहे. ईमेलचे पत्ते हजारोंनी फुकट तयार करता येतात, पण हजारो चालू नंबर मिळवायला खर्च येतो, आणि तेवढ्यापुरती स्पॅम पाठवणाऱ्यांची अडचण होते.

ही पडताळणी ॲपलाही स्वस्तात पडत नाही. सिग्नलने २०२३ मध्ये आपला खर्च जाहीर केला, तेव्हा नोंदणीसाठी पाठवल्या जाणाऱ्या एसएमएस आणि कॉलवर वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असे सांगितले. गोपनीयतेसाठीच ओळखली जाणारी ना-नफा संस्था एवढा खर्च सोसूनही नंबर मागते, यावरून त्यामागची तांत्रिक गरज खरी असल्याचे दिसते. पण एकदा हाती आलेला नंबर त्याच कामापुरता वापरला जाईलच, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले, तेव्हा दोन्हीकडील खाती आपोआप जुळवता येणार नाहीत, असे युरोपीय आयोगाला सांगितले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने नंबर फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर केले, आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल मे २०१७ मध्ये आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. ट्विटरने तर खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर जाहिराती नेमक्या माणसांपर्यंत पोहोचवण्यासाठी वापरले आणि २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरला. हा इतिहास लक्षात ठेवला, तर नंबर देताना त्याचा उपयोग पुढे वाढत जाईल असेच धरून चालणे शहाणपणाचे वाटते.

कोणापासून लपवायचे आहे, ते आधी ठरवा

सेटिंग्ज बदलायला घेण्यापूर्वी पाच मिनिटे शांतपणे हा विचार करावा, कारण उत्तर वेगळे असेल तर उपायही वेगळा असतो. नंबर चार प्रकारच्या लोकांपर्यंत पोहोचू शकतो. ज्यांच्याशी आपण बोलतो किंवा ज्यांच्यासोबत एखाद्या ग्रुपमध्ये असतो, ती माणसे पहिली. ज्यांना आपण ओळखतही नाही, पण जे नंबर टाकून कोणाचे खाते आहे हे तपासतात, ते दुसरे. ॲप चालवणारी कंपनी तिसरी. आणि त्या नंबरच्या मागे असलेली दूरसंचार कंपनी व तिच्यामार्फत शासन, हे चौथे.

पहिल्या दोघांपासून नंबर लपवणे आज बऱ्यापैकी शक्य आहे आणि त्यासाठी फक्त काही सेटिंग्ज बदलाव्या लागतात. तिसऱ्यापासून लपवायचा, तर नंबर न मागणारे ॲप निवडावे लागते. चौथ्यापासून तो लपत नाही, असेच समजावे; दीडशेहून अधिक देशांत ओळखपत्र दाखवल्याशिवाय सिम कार्ड मिळत नाही, त्यामुळे ॲपकडे केवळ नंबर असला तरी त्यामागचे नाव-पत्ता कायदेशीर मार्गाने शोधता येतो. येथे ॲपकडे नंबराशी जोडलेली आणखी किती माहिती साठलेली आहे, याला महत्त्व येते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन आदेशानुसार सिग्नलकडे खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, या दोनच गोष्टी ती देऊ शकली, कारण बाकी काही साठवलेलेच नव्हते. याउलट टेलिग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या धोरणात स्पष्ट केले की वैध कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्या वापरकर्त्याचा नंबर आणि आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, यंत्रणांना दिला जाऊ शकतो.

बहुसंख्य वाचकांची चिंता पहिल्या दोन प्रकारांची असते, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः एका अभ्यासवर्गाच्या ग्रुपमध्ये सामील झाले होते. वर्ग दोन महिन्यांत संपला, परंतु त्या ग्रुपमधून नंबर उचललेल्या अनोळखी माणसांचे फोन पुढे वर्षभर येत राहिले. तेव्हापासून मी ग्रुपमध्ये जाण्याआधी हा हिशेब करते.

अनोळखी माणूस नंबरवरून काय काय पाहू शकतो

‘माझा नंबर मी कोणाला दिलेला नाही, मग तो कसा कळेल?’ असे अनेक जण विचारतात. नंबर कळण्याची गरजच नसते, कारण तो अंदाजाने तयार करता येतो. दहा अंकी नंबर एकूण एक हजार कोटीच होऊ शकतात आणि प्रत्यक्ष वापरातील मालिका पाहिल्या तर त्याहूनही बरेच कमी. संगणकाला हा आकडा किरकोळ आहे. एकामागून एक नंबर ॲपला विचारायचे आणि कोणत्या नंबरावर खाते आहे, त्याचे छायाचित्र कोणते, माहितीच्या (‘अबाउट’च्या) ओळीत काय लिहिले आहे, हे गोळा करत जायचे, असा हा मार्ग आहे. व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवून दिले की याच पद्धतीने व्हॉट्सॲपवरील सुमारे ३५० कोटी खाती शोधता येत होती. कंपनीने त्यानंतर अशा चौकशीच्या वेगावर मर्यादा आणल्या. त्याआधी फेसबुकवर संपर्कयादी जुळवण्याच्या सोयीचा असाच गैरवापर होऊन १०६ देशांतील ५३ कोटींहून अधिक खात्यांचे नंबर आणि नावे एप्रिल २०२१ मध्ये इंटरनेटवर खुली झाली होती.

काही ॲप सांगतात की आम्ही नंबर जसाच्या तसा पाठवत नाही, त्याचा हॅश करून पाठवतो. हॅश म्हणजे मूळ मजकुरापासून गणिताने काढलेली अशी खूण की तिच्यावरून उलट दिशेने मूळ मजकूर काढता येऊ नये. लांबलचक पासवर्डाच्या बाबतीत हे खरे असते, पण नंबरच मुळात मोजके असल्यामुळे सगळ्या नंबरांचे हॅश आधीच काढून ठेवता येतात आणि मग जुळणी करणे सोपे होते. त्यामुळे केवळ हॅशच्या आश्वासनावर विसंबून राहू नये.

यातून निघणारा पहिला आणि सर्वांत सोपा उपाय असा की नंबर कोणाच्याही हाती लागेल असे गृहीत धरून त्याच्यामागे दिसणारी माहिती कमी करावी. प्रोफाइलचे छायाचित्र, माहितीची ओळ आणि शेवटचे कधी ऑनलाइन होतो ती वेळ, या तिन्ही गोष्टी अनोळखी माणसाला दिसू नयेत. पूर्ण नाव लिहिण्याऐवजी पहिले नाव पुरते. माहितीच्या ओळीत हुद्दा, गाव किंवा संस्थेचे नाव लिहिण्याची सवय असेल, तर ती मोडावी.

व्हॉट्सॲप, सिग्नल आणि टेलिग्राममध्ये प्रत्यक्ष काय बदलायचे

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधून प्रायव्हसी उघडावे आणि वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींसाठी ‘माय काँटॅक्ट्स’ हा पर्याय निवडावा. येथे ‘माय काँटॅक्ट्स’ म्हणजे आपण आपल्या फोनमध्ये जतन केलेले सगळे नंबर, हे विसरू नये. एकदाच कामासाठी येऊन गेलेल्या माणसाचा नंबर आपण चार वर्षांपूर्वी जतन केला असेल, तर त्यालाही आपले छायाचित्र दिसत राहते. म्हणून ही सेटिंग बदलण्याआधी संपर्कयादी साफ करणे हे अर्धे काम आहे; ते कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. त्यानंतर त्याच पानावर ‘ग्रुप्स’मध्ये जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे ठरवावे. ते ‘एव्हरीवन’वर ठेवल्यास कोणीही अनोळखी माणूस आपल्याला परस्पर एखाद्या ग्रुपमध्ये घालतो आणि त्या क्षणी तेथील प्रत्येकाला आपला नंबर दिसू लागतो. आपण लगेच बाहेर पडलो तरी तेवढ्या वेळात ज्यांनी तो पाहिला, त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही. साध्या ग्रुपमध्ये सदस्यांपासून नंबर लपवण्याचा मार्ग नाही, चॅनेल फॉलो करताना मात्र तो इतरांना दिसत नाही. त्यामुळे केवळ सूचना वाचायच्या असतील आणि दोन्ही पर्याय उपलब्ध असतील, तर चॅनेल निवडावे. अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करण्याची सोयही याच प्रायव्हसीच्या पानावर आहे.

सिग्नलमध्ये नोंदणीसाठी नंबर आजही लागतो, परंतु तो इतरांना न दाखवता बोलण्याची व्यवस्था २०२४ मध्ये आली आणि माझ्या मते नेहमीच्या वापरातील ॲपमध्ये ती सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे. सेटिंग्ज, प्रायव्हसी आणि फोन नंबर या क्रमाने गेल्यावर दोन वेगळे प्रश्न दिसतात. माझा नंबर कोणाला दिसावा, हा पहिला. तो सुरुवातीपासूनच ‘नोबडी’वर असतो, आणि तसाच राहू द्यावा. नंबरवरून मला कोण शोधू शकेल, हा दुसरा, आणि तो मात्र सुरुवातीला ‘एव्हरीबडी’वर असतो. तो ‘नोबडी’ केला की ज्याच्याकडे आपला नंबर आहे त्यालाही आपण सिग्नलवर आहोत की नाही, हे शोधून कळत नाही. अर्थात मग जवळच्या माणसांनाही आपण सहज सापडत नाही, आणि त्यांना यूजरनेम द्यावे लागते.

हे यूजरनेम प्रोफाइलमधून तयार करता येते. त्याच्या शेवटी किमान दोन अंक असावे लागतात. ते वाटेल तेव्हा बदलता येते आणि बदलल्यावरही आधीचे संवाद चालूच राहतात, फक्त जुन्या यूजरनेमने नवीन कोणी आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही. एखाद्या परिषदेपुरते किंवा घर भाड्याने शोधण्यापुरते यूजरनेम देऊन काम झाल्यावर ते बदलून टाकणे, हा याचा मला सर्वांत आवडलेला उपयोग आहे. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. ज्यांच्या संपर्कयादीत आपला नंबर आधीपासून आहे, त्यांना तो दिसतच राहतो. आणि सध्या चालू असलेले यूजरनेम कायदेशीर मागणीत दिले गेले, तर ते कोणत्या खात्याचे आहे, हे सिग्नलला सांगता येते. वर म्हटल्याप्रमाणे त्या खात्याबद्दलची माहिती मात्र फारच थोडी असते.

टेलिग्राममध्ये यूजरनेमची सोय २०१४ पासून आहे, पण तिच्यामुळे नंबर आपोआप झाकला जात नाही. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘फोन नंबर’ उघडून नंबर कोणाला दिसावा यासाठी ‘नोबडी’ निवडले की त्याच्या खाली दुसरा प्रश्न येतो, नंबरवरून मला कोण शोधू शकेल? तेथे ‘माय काँटॅक्ट्स’ निवडल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. हाँगकाँगमधील २०१९ च्या आंदोलनाच्या वेळी आंदोलकांना हीच भीती होती की कोणी हजारो नंबर आपल्या फोनच्या संपर्कयादीत भरले, तर ग्रुपमधील कोणते खाते कोणत्या नंबरचे आहे, हे जुळवता येईल. ही दुसरी सेटिंग त्यानंतर आली. कोणाला संपर्कयादीत जोडताना ‘शेअर माय फोन नंबर’ अशी खूण आधीच केलेली नाही ना, हेही पाहावे. टेलिग्रामवरील नेहमीचे संवाद एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. ते फक्त ‘सीक्रेट चॅट’मध्ये असतात. त्यामुळे नंबर लपवून समाधान मानणाऱ्याने मजकुराचाही विचार करावा.

आपल्यामुळे इतरांचे नंबर जाऊ नयेत

या विषयात सर्वांत कमी बोलले जाते ते संपर्कयादीच्या परवानगीबद्दल. आपण ॲपला संपर्कयादी वाचू देतो, तेव्हा केवळ आपला नव्हे, तर ज्यांनी विश्वासाने आपल्याला नंबर दिला त्या प्रत्येकाचा नंबर त्या कंपनीकडे जातो, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. ज्याने आयुष्यात कधी ते ॲप वापरलेले नाही, त्याचाही नंबर अशा रीतीने तेथे पोहोचतो. आपल्या नावाबाबतही इतर लोक नेमके हेच करत असतात, म्हणून आपण कितीही जपले तरी आपला नंबर पूर्णपणे आपल्या हातात राहत नाही. या गोष्टीची मला मनापासून खंत वाटते, कारण त्यावर एकट्याने करता येण्यासारखा उपाय नाही. एकमेकांच्या वतीने थोडी काळजी घेणे एवढेच शक्य आहे.

करायचे काम सोपे आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणकोणत्या ॲपना संपर्कयादीची परवानगी आहे, ती यादी पाहावी आणि ज्यांना गरज नाही त्यांची परवानगी काढून घ्यावी. सिग्नल या परवानगीशिवाय चालते. नंबर किंवा यूजरनेम हाताने टाकून संवाद सुरू करता येतो. टेलिग्राममध्ये संपर्क जुळवणे बंद करून आधी पाठवलेले संपर्क सर्व्हरवरून पुसण्याचा पर्याय आहे, आणि दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. नुसते बंद केल्याने आधीचे पुसले जात नाही. आयफोनवर सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून पूर्ण यादीऐवजी निवडक संपर्कच ॲपला देता येतात. रुग्ण, अशील किंवा विद्यार्थी यांचे नंबर ज्यांच्या फोनमध्ये असतात, अशा व्यावसायिकांनी तर ही सोय असेल तेथे ती वापरलीच पाहिजे.

वेगळा नंबर घ्यावा का

बँक आणि कुटुंब यांच्यासाठी एक नंबर आणि अनोळखी लोकांशी संबंध येणाऱ्या कामांसाठी दुसरा, अशी विभागणी उपयोगी पडते. बहुतेक नव्या फोनमध्ये दोन सिम किंवा एक सिम आणि एक ई-सिम चालते, त्यामुळे दुसरा फोन बाळगावा लागत नाही. सिग्नलची नोंदणी कॉलवर कोड ऐकूनही होते, म्हणून लँडलाइनचा नंबरही चालतो. मात्र तो लँडलाइन घरातील किंवा कार्यालयातील इतरांच्याही हाताशी असतो, हे लक्षात घ्यावे. इंटरनेटवरून चालणारे नंबर काही ॲप स्वीकारतात आणि काही नाकारतात.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. इंटरनेटवर काही ठिकाणी तात्पुरते नंबर फुकट मिळतात आणि त्यांवर आलेले एसएमएस तेथे सर्वांना खुले दिसतात. अशा नंबराने नोंदणी केली, तर तो पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला आपले खाते उघडण्याची संधी मिळते, कारण ओटीपी तोही वाचू शकतो. ज्या नंबरावर आपला कायमचा ताबा नाही, त्यावर खाते उघडू नये, हा नियम मी स्वतः कधीही मोडत नाही. दुसरा नंबर घेतला तरी तो चालू ठेवण्यासाठी लागणारे रिचार्ज करत राहावे लागते; काही महिने तो बंद पडला, तर दूरसंचार कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते.

नंबर म्हणजे खात्याची किल्ली, म्हणून तिला दुसरे कुलूप

नंबर चोरीला जातो, म्हणजे सिम कार्ड खिशातून जाते असे नाही. कोणी आपल्या नावाने दूरसंचार कंपनीला फसवून तोच नंबर नव्या सिमवर चालू करून घेतो, याला सिम स्वॅप म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे ट्विटर खाते त्यांच्या नंबरावर असाच ताबा मिळवून वापरले गेले. कधीकधी वापरकर्त्याची आणि त्याच्या दूरसंचार कंपनीचीही काही चूक नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नलचे पडताळणीचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ या कंपनीत घुसखोरी झाली, तेव्हा सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवले जाण्याचा धोका निर्माण झाला होता.

यावरचा उपाय प्रत्येक ॲपमध्ये आहे आणि तो आजच करावा. व्हॉट्सॲपमध्ये अकाउंट या भागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा अंकी पिन ठरवावा आणि पिन विसरल्यास उपयोगी पडेल असा ईमेलचा पत्ता द्यावा. टेलिग्राममध्ये त्याच नावाखाली पासवर्ड ठेवता येतो. सिग्नलमध्ये पिन असतोच, पण ‘रजिस्ट्रेशन लॉक’ वेगळे चालू करावे लागते. ते केल्यावर ओटीपी हाती लागलेल्या माणसालाही पिनशिवाय आपल्या नंबरची नोंदणी करता येत नाही. आपले खाते सात दिवस निष्क्रिय राहिले तर मात्र हे कुलूप निघते, म्हणून नंबर अचानक बंद पडला तर आठवडाभर वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी दूरसंचार कंपनीला दुसऱ्या फोनवरून कळवावे. ॲपचा पिन ठरवताना जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक किंवा एटीएमचा पिन वापरू नये.

याच्या जोडीला फोनच्या सेटिंग्जमधून सिमलाही पिन लावावा, म्हणजे हरवलेल्या फोनमधील सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी ते चालत नाही. मूळ पिन माहीत नसताना अंदाजाने प्रयत्न करू नयेत, कारण तीनदा चुकल्यास सिम बंद होते आणि ते उघडायला कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो. फोन कुलूपबंद असतानाही पडद्यावर एसएमएसचा मजकूर दिसत असेल, तर ती सोय बंद करावी. शेजारी बसलेल्या माणसाला ओटीपी वाचायला तेवढे पुरते. व्हॉइसमेल वापरत असाल तर त्याचा मूळ पिन बदलावा, कारण कॉलवर सांगितलेला कोड न उचललेल्या कॉलमधून तेथे जाऊन पडू शकतो. आणि महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून आपल्या खात्याला जोडलेला एखादा अनोळखी संगणक तेथे दिसत नाही ना, हे पाहावे.

नंबर न मागणारे ॲप

नंबर कंपनीलाही द्यायचा नसेल, तर पर्याय आहेत. स्वित्झर्लंडमधील थ्रीमा विकत घ्यावे लागते. ते आठ अक्षरांची ओळख देते आणि नंबर जोडणे पूर्णपणे ऐच्छिक ठेवते. सेशन ६६ अक्षरांची एक लांब ओळख तयार करून देते. सिम्प्लेक्समध्ये वापरकर्त्याला कायमची ओळखच नसते. प्रत्येक माणसाला स्वतंत्र दुवा किंवा क्यूआर कोड देऊन संवाद सुरू करावा लागतो. मॅट्रिक्स या व्यवस्थेवर चालणाऱ्या एलिमेंटसारख्या ॲपमध्ये यूजरनेम आणि पासवर्ड पुरतो. ब्रायर अँड्रॉइडवर चालते आणि इंटरनेट नसताना जवळच्या फोनशी ब्लूटूथ किंवा वायफायनेही बोलू शकते.

यांची किंमत दुसऱ्या रूपाने मोजावी लागते. नंबर नाही, म्हणून ‘ओटीपी पाठवा’ म्हणून खाते परत मिळवण्याची वाटही नाही. सेशन खाते उघडताना शब्दांची एक मालिका देते. ती कागदावर लिहून सुरक्षित ठेवली नाही आणि फोन हरवला, तर खाते कायमचे गेले. थ्रीमामध्येही बॅकअप आपणच घ्यावा लागतो. आणि ज्यांच्याशी आपल्याला बोलायचे आहे, ती माणसे बहुधा या ॲपवर नसतात. म्हणून माझा सल्ला असा की सगळे आयुष्य एका दिवसात हलवू नये. ज्या दोन-तीन माणसांशी होणारे बोलणे खरोखर नाजूक आहे, त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि त्यांना ते ॲप बसवून देऊन एकदा चालवूनही दाखवावे.

जुना नंबर सोडताना

सोडून दिलेले नंबर काही काळाने नव्या ग्राहकांना दिले जातात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील असे पुन्हा उपलब्ध झालेले २५९ नंबर तपासले, तेव्हा त्यांपैकी १७१ नंबर आधीच्या मालकांच्या कोणत्या ना कोणत्या चालू खात्याशी अजून जोडलेले होते. म्हणजे नव्या मालकाने काहीही वाईट मनात न आणता फक्त ॲप बसवले, तरी जुन्या मालकासाठीचे निरोप त्याच्यापर्यंत जाऊ शकतात.

त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. जुने सिम चालू असतानाच व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि सिग्नल या तिघांतही ‘चेंज नंबर’ हा पर्याय वापरून खाते नव्या नंबरावर हलवावे. व्हॉट्सॲप नवा नंबर कोणाला कळवायचा, हे त्या वेळी विचारते. तेथे सर्वांना कळवण्याऐवजी निवडक माणसे निवडावीत. टेलिग्राममध्ये मात्र ज्यांच्याकडे जुना नंबर होता त्यांना नवाही मिळतो, आणि फक्त ज्यांना आपण ब्लॉक केले आहे त्यांना तो मिळत नाही. तेव्हा कोणापासून लांब जाण्यासाठीच नंबर बदलत असाल, तर हलवण्याआधी त्या व्यक्तीला ब्लॉक करावे किंवा जुने खाते मिटवून नवे उघडावे. त्यानंतर ईमेल, बँक आणि ज्या ज्या ठिकाणी ओटीपी येतो तेथील नंबर बदलावेत. जुन्या एसएमएसमध्ये ‘ओटीपी’ हा शब्द शोधल्यास विसरलेली ठिकाणेही सापडतात. ज्या ग्रुपची गरज उरली नाही त्यांतून बाहेर पडावे. एवढे झाल्यावरही जुने सिम दोन-तीन महिने चालू ठेवावे, त्यावर कोणाचा एसएमएस येतो का ते पाहत राहावे, आणि महिनाभर एकही आला नाही म्हणजे मगच ते बंद करावे.